ब्रेसेस लागलेत ना, मग हे वाच

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, ब्रेसेस लागले, दात ठणकतायत आणि ब्रश लावायचीच भीती वाटते म्हणतोस, तेव्हाच ठरवलं की फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा नीट बसून लिहायचं. ठणका काही दिवसांत उतरेल. तार गालाला टोचत असेल तर वॅक्स, म्हणजे ब्रेसेसवर लावायचं मऊ मेण, लाव, पण आधी तो ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेला छोटा चौकोन, टिपून कोरडा कर, ओल्यावर वॅक्स धरत नाही. मला काळजी आहे ती त्या ब्रशच्या भीतीची.

कारण माझं तेच झालं. सुरुवातीचे दोन महिने दुखतंय म्हणून मी ब्रश नुसता वरवर फिरवायचो, हिरडीतून रक्त आलं की थांबायचो, वाटायचं आपण फार जोरात घासतोय. खरं तर उलट असतं रे, प्लाक, म्हणजे दातावरचा जंतूंचा चिकट थर, साचून हिरडी सुजलेली असते म्हणून रक्त येतं, मऊ ब्रशने रोज नीट साफ केलं की ते थांबतं, एक-दोन आठवड्यांत नाहीच थांबलं तर मात्र दाखवून ये. शेवटी ब्रेसेस निघाले, आरशात बघतो तर दात सगळे एका ओळीत, आणि वरच्या सुळ्यावर खडूने गिरवल्यासारखी पांढरी कड! ब्रॅकेटखालचा चौकोन चकचकीत आणि भोवतीने पांढरट. प्लाकमधले जंतू साखरेचं ॲसिड करतात, त्याने इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरातलं, कॅल्शियम निघून जातं, आणि असा डाग पडायला महिनाभरही पुरतो. माझा आता फिका झालाय, पण गेला नाही.

म्हणून सांगतो, ब्रॅकेट आणि हिरडी यांच्यामधली ती अरुंद पट्टी, तिथे लक्ष दे. ब्रश हिरडीकडे तिरका धरून तिथे छोटे छोटे गोल फिरव, मग ब्रॅकेटच्या वरून आणि मग खालून, प्रत्येक दात वेगळा. दोन मिनिटांत नाही होत हे, मला पाच लागायची. मग तारेखालून इंटरडेंटल ब्रश घाल, तो बाटली धुवायच्या ब्रशसारखाच दिसतो पण एवढासा, ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंनी आत-बाहेर केला की सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी बाहेर येतं, बघूनच पटेल तुला. फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, तारेमुळे सरळ जात नाही, त्यासाठी थ्रेडर मिळतो, सुईत दोरा ओवल्यासारखा फ्लॉस त्यात ओवून तारेखालून काढायचा. कंटाळवाणं आहे, पण रात्री एकदा तरी कर.

टूथपेस्ट फ्लोराइडवाली घे, आणि घासून झालं की फक्त थुंक, चूळ भरू नकोस, नाहीतर फ्लोराइड सगळं धुऊन जातं. ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर! आंबट किंवा कोल्ड्रिंक घेतलं तर अर्धा तास थांबून ब्रश कर. ब्रशचे केस तारेमुळे लवकर फाकतात, तीन महिने वाट बघू नकोस, फाकले की बदल. चिकट आणि कडक खाणं टाळायला तुला सांगितलंच असेल.

प्लाक रंगवणारी गोळी मिळते ती डेंटिस्टकडे माग. रात्री ब्रश झाल्यावर चघळ, चूळ भर, आणि दिव्याखाली आरशात बघ, जिथे रंग राहील तिथे तुझा ब्रश पोचत नाहीये. त्याचा फोटो काढून मला पाठव, मी बघतो कुठे राहतंय ते.

तुझाच,
मित्र