गॅस घ्या म्हणता, रस्ता खोदू देत नाही

मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

परवा संध्याकाळी महापालिकेचे लोक माझ्या बेकरीच्या शटरवर नोटीस चिकटवून गेले. मी आतच होतो, लाद्या काढत होतो. हाक मारली असती तर चहा तरी पाजला असता. सात दिवसांत लाकडाची भट्टी बंद करा, नाहीतर सील.

मी लालबागचा बेकरीवाला. वडिलांनी ही भट्टी 1974 मध्ये लावली. पहिल्या पाळीचे गिरणी कामगार भोंग्याआधी पाव न्यायला दारात उभे असायचे. जलप्रदूषणाचा कायदाही त्याच सालचा, हे मला अलीकडे कळलं. म्हणजे दोघांचं वय एकच. भट्टी अजून रोज पेटते. कायद्याचं तुम्ही सांगा.

धूर वाईट, हे मला कोणी शिकवू नये. छत्तीस वर्षं त्या भट्टीच्या तोंडाशी उभा आहे. भंगारातली रंगवलेली दारं, प्लायवूडच्या पेट्या, सगळं जाळलंय, स्वस्त पडतं म्हणून. कबूल. आता छातीचे डॉक्टर नळीत फुंकायला लावतात आणि आकडा बघून गप्प बसतात. रात्री आडवं होता येत नाही, भिंतीला टेकून झोपतो. त्यामुळे 9 जानेवारी 2025 ला उच्च न्यायालयाने सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडून गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जा म्हटलं, तेव्हा सगळे बेकरीवाले ओरडत होते आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं होतं.

फेब्रुवारीतच गॅससाठी अर्ज केला. माणसं येऊन टेप लावून गेली. मोठी लाइन नाक्यापर्यंत आहे, तिथून माझ्या दारापर्यंत साठेक मीटर रस्ता खोदावा लागेल. रस्ता नुकताच काँक्रीटचा झालेला, खोदायला परवानगी नाही. परवानगी कोणी नाकारली? ज्या इमारतीतून ही नोटीस निघाली, तिच्याच वरच्या मजल्याने! खालचा मजला म्हणतो गॅस घ्या, वरचा म्हणतो खोदू नका. मधल्या जिन्यात मी, धापा टाकत.

विजेची भट्टी घ्यावी तर लोड वाढवायला घरमालकाची सही लागते. जागा पागडीची, इमारत पुनर्विकासाच्या वाटेवर. तो कशाला सही देतोय? हे सगळं मी एका मार्गदर्शन शिबिरात उभं राहून सांगितलं. शिबिर झकास होतं. पाण्याची बाटली, फाइल, पडद्यावर इंग्रजी तक्ते. प्रदूषणाप्रमाणे उद्योगांना रंग दिलेत म्हणे: लाल उद्योग, नारंगी उद्योग, हिरवे, पांढरे. मी कुठल्या रंगाचा विचारलं, तर म्हणाले वेबसाइटवर बघा. एका साहेबांनी मात्र सगळ्यांसमोर शब्द दिला, आठवड्यात माणूस पाठवतो, जागा बघून काय बसेल ते तो सांगेल. तो माणूस अजून वाटेत आहे. नोटीसवाला बरोबर पोचला.

आता थोडं तुमच्याकडचं बोलू. या शहराचा मैला वर्षानुवर्षं जुजबी गाळून समुद्रात सोडला जातोय. सात नवीन मलजल शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी जानेवारी 2023 मध्ये झाली, खर्च 17,000 कोटींच्या वर. कायदा 1974 चा, पायाभरणी 2023 ची. वजाबाकी करा. देवनारला 1927 पासून कचरा पडतोय. 2016 मध्ये तो पेटला तेव्हा धूर उपग्रहातून दिसला. तिथे कुणी शटर शोधून नोटीस डकवली का? महापालिकेला पन्नास वर्षं आणि मला सहा महिने. तिचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा, माझा गल्ला तुम्ही येऊन मोजा, पाच मिनिटं लागतील. मोठ्याला मुदतवाढ, छोट्याला सील, हेच तुमचं प्रदूषण नियंत्रण. गिरण्या गेल्या, टॉवर आले, त्यांच्या बांधकामाची धूळ माझ्या पिठावर बसते, आणि हवा बिघडवली कोणी, तर पाववाल्याने!

फुकट काही मागत नाही. भट्टीसाठी कर्ज काढीन. कुठला कागद आधी, कुठला नंतर, हे मराठीत सांगणारा एक माणूस द्या, जो बेकरीत येऊन बघेल. आणि मुदत गॅस दारात आल्या दिवसापासून मोजा. भट्टीवर सात कारागीर आहेत, सील लागलं तर ते त्याच रात्री गावाला निघतील, परत येणार नाहीत.

नोटिशीची आणि नाकारलेल्या परवानगीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. दोन्हींवर शिक्का एकच आहे. साठ मीटर खोदायची परवानगी तेवढी मिळवून द्या, पहार मी आणतो.

आपला,
लालबागचा एक बेकरीवाला