डोळ्याचं तेवढं सांभाळ

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

"आई, मला कळतं गं," म्हणून काल फोन ठेवलास. तेव्हाच ठरवलं, याला आता लेन्सबद्दल अवाक्षर काढायचं नाही. म्हणून बाकीचंच लिहिते.

छकुलीचं नख तुझ्या डोळ्याला लागलं म्हणून तिच्यावर कुणी रागावू नका. तान्ह्या बाळाची नखं पातळ असतात, पण धार फार. ती झोपली की कापत जा, म्हणावं मधुराला.

डॉक्टरांनी रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात डोळा पाहिला आणि हिरवी रेघ उमटली, हे मधुरानं सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. बुबुळावरच्या त्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, पण नसा इतक्या दाट की केसाएवढा ओरखडाही वाळू गेल्यासारखा खुपतो. लहान ओरखडा बहुधा एक ते तीन दिवसांत भरूनही येतो. भीती मला त्याचीच वाटते. खुपायचं थांबलं की तुझ्या लेखी डोळा बरा, थेंब बंद आणि लेन्स पुन्हा डोळ्यात! डॉक्टर "आता लाव" म्हणेपर्यंत नाही म्हणजे नाही.

तपासताना घातलेल्या थेंबानं दुखणं लगेच थांबलं, तर तू तीच बाटली घरी मागितलीस म्हणे. दिली नाही ते बरं केलं. बधिर करणारं ते औषध सारखं घातलं तर जखम भरत नाही, आणि आत चिघळलं तरी पत्ता लागत नाही. दुखलं तर सांगितलेली गोळी घे. आणि यांच्या मोतीबिंदूच्या वेळची बाटली तुमच्या फ्रिजमध्ये राहिली असेल तर आधी टाकून दे. तसल्या थेंबांत बहुतेक स्टिरॉइड असतं. जंतुसंसर्ग असेल तर त्यानं भडकतो.

थेंब घालायच्या आधी हात धू, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नकोस. आधी थेंब, पाचेक मिनिटांनी मलम. मलमानं थोडा वेळ धूसर दिसेल, तेव्हा गाडी चालवू नकोस. आणि चोळू नकोस रे, लहानपणापासूनची खोड आहे तुझी.

पट्टी का नाही बांधली, म्हणून आक्का विचारत होती. हल्ली सहसा बांधत नाहीत, आणि लेन्सवाल्यांना तर नाहीच. झाकलेल्या उबेत जंतूंना आयतंच फावतं. बघ, आलाच तो विषय.

चौथीत चष्मा लागला तेव्हा कोपऱ्यापर्यंत घालून जायचास आणि पुढे कंपासपेटीत. काडी वाकवून, कर्कटकाच्या शेजारी कोंबलेला तो चष्मा मला सापडला होता. काडी सरळ करून तुला न सांगता पुन्हा तिथेच ठेवला. पुढे स्वतःच्या पगारातून लेन्स घेऊन घरी आलास तेव्हा हे म्हणाले, "कसा दिसतोय बघ आपला मुलगा." मलाही तेच वाटलं होतं, बोलले नाही इतकंच. पण चष्म्यातही तू चांगलाच दिसतोस. छकुलीनं बापाला चष्म्यात पाहिलं तर काय बिघडतं?

फार झालं का? रागावू नकोस. दोन लहान भावंडांना वाढवलेला मुलगा तू, तुला काय शिकवायचं, हे मलाही कळतं. पण दुखणं उतरायच्या ऐवजी वाढलं, पू आला, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसला किंवा नजर धुरकट झाली, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. नखाच्या ओरखड्याचं आणखी एक असतं. भरून आल्यावर काही आठवड्यांनीही पहाटे डोळा उघडताना एकदम कळ येते, तो पडदा पुन्हा सोलला जातो म्हणून. तसं झालं तर लपवू नकोस. त्यावर रात्री घालायचं मलम देतात.

उद्या तपासणी झाली की फोन कर. मी लेन्सचं विचारणार नाही.

तुझी,
आई

ता. क. ओरखडा आला तेव्हा डोळ्यात होती ती लेन्स फेकलीस ना? डबीसुद्धा फेक.