घरात आग पेटली, की घर आगीनं पेटलं?

मोमिनपुरा, नागपूर

प्रिय दिलीप,

दिवाळीनंतर तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. रागव, पण आधी हे वाच. घरी सगळे बरे, अम्मीचा गुडघा तसाच.

गल्लीतली पोरं रमजानच्या आधी मराठीत एक पुस्तिका काढून राहिली. विषय इजाज, म्हणजे कुरआनचं ते अलौकिकपण, ज्यापुढे माणूस थिटा पडतो. मजकूर तपासायला माझ्याकडे आलाय. बत्तीस पानं, त्यातली वीस नुसत्या आकड्यांची! मला झोप नाही बे, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

पहिल्याच पानावर कुरआनच्या ६६६६ आयती, म्हणजे वचनं. सगळे हाच आकडा सांगतात. पण आपल्याकडची कोणतीही प्रत मोज, ६२३६ भरतात. ही कूफी मोजणी, म्हणजे कूफा शहरातल्या जुन्या विद्वानांची. मोरोक्कोत वर्श नावाच्या जुन्या पठणकाराच्या परंपरेची प्रत चालते, तिच्यात मदनी, म्हणजे मदीनेची मोजणी, ६२१४. म्हणजे काही गळालं असं नाही, आयत कुठे संपते ते धरण्यात फरक. कूफी मोजणीत फातिहातली, म्हणजे पहिल्याच सूरहमधली (अध्यायातली) बिस्मिल्लाह पहिली आयत धरतात, मदनी मोजणीत धरत नाहीत. मग आयतींच्या क्रमांकावर रचलेलं गणित दुसरी प्रत हातात घेतली की कोसळणारच.

पुढे 'दिवस' हा शब्द ३६५ वेळा. एकवचनी 'यौम' मोजायचा, अनेकवचन सोडायचं, इथवर ठीक. पण 'यौमइज़िन', म्हणजे 'त्या दिवशी', हा जोडशब्द ७० वेळा येतो, तोही गाळायचा. आकडा आधी ठरलेला, नियम मागून. आणि १९ चा पाढा, म्हणजे कुरआनातले आकडे १९ च्या पटीत येतात हा दावा, तर नकोच. तो मांडणाऱ्या रशाद खलीफांनी त्या हिशेबापायी नवव्या सूरहच्या शेवटच्या दोन आयतीच खऱ्या नाहीत असं जाहीर केलं. चमत्कार सिद्ध करायला निघाले आणि कात्री ग्रंथालाच लावली. उद्या एखाद्या पोरानं स्वतः मोजून पाहिलं आणि जमलं नाही, तर त्याच्या ईमानाचं, श्रद्धेचं काय?

कुरआननं स्वतः आव्हान दिलंय ते आकड्यांचं नाहीच. अकराव्या सूरहमध्ये म्हटलंय, अशा दहा सूरह रचून आणा. दुसरीत आणि दहावीत, एकच आणा. सगळ्यात लहान सूरह कौसर, तीन आयती, जेमतेम दहा शब्द! तू विचारलं होतंस, मग पैगंबरांच्या काळच्या त्या अरबांना जमू का नये? नवव्या शतकातले धर्मपंडित नज्जाम म्हणाले, जमलं असतं, अल्लाहनं त्यांना परावृत्त केलं. याला सर्फा म्हणतात. बहुतेक विद्वानांनी ते नाकारलं, कारण मग चमत्कार त्या अडवण्यात राहतो, ग्रंथात नाही. मलाही तसंच वाटतं.

आता खरी गोष्ट. अकराव्या शतकात अब्दुल काहिर जुर्जानी नावाचे व्याकरणकार झाले. त्यांचं म्हणणं, थोरवी सुट्या शब्दात नाही, नज्ममध्ये आहे; म्हणजे शब्द व्याकरणानं एकमेकांत कसे गुंफलेत त्यात. मरयम सूरहची चौथी आयत घे. म्हातारे पैगंबर जकरिया दुआ करतात, हाडं खिळखिळी झाली, 'वश्तअलर्-रअसु शैबन'. शब्दशः, डोकं पांढरेपणानं पेटलं. लोक म्हणतात, उपमा सुंदर. जुर्जानी म्हणतात, नुसती उपमा नाही, कर्ता बघा! पेटलाय तो पांढरेपणा, पण क्रियापद दिलंय डोक्याला. त्यांचाच दाखला मराठीत जसाच्या तसा बसतो. 'घरात आग पेटली' म्हटलं तर ती एका कोपऱ्यात असेल, चुलीतही असेल. 'घर आगीनं पेटलं' म्हटलं की काही उरलं नाही. तसंच डोक्यावर एकही काळा केस उरला नाही. शिवाय 'माझं डोकं' असंही नाही, नुसतं 'डोकं'.

पोरांनी लिहिलंय, 'माझे केस पांढरे झाले.' अर्थ बरोबर, पण आग विझली. म्हणून तर तर्जुम्याला आपण कुरआन म्हणत नाही, नमाजात अरबीच पढतो.

फुटाळा तलावावर तर्री-पोहे गार होईपर्यंत आपण भांडलो होतो, आठवतं? ओवीचा अनुवाद होत नाही म्हणून तू टेबल बडवलंस आणि पुढच्याच घासाला मला विचारलंस, कुरआन मराठीत वाचला, चमत्कार कुठाय? तेव्हा मी चिडलो. चिडायला नको होतं. इजाजवर लिहिणारे जुने विद्वान बाकिल्लानी, त्यांनीही म्हटलंय की अरबी न जाणणाऱ्याला इजाज तर्कानंच कळतो, म्हणजे भाषेचे उस्ताद हरले यावरून. चवीनं नाही. मला वाटतं, या एका आयतीतून थोडी चवही देता येईल.

छोटीची बारावी कशी गेली? वहिनींना सलाम. छताची गळती थांबली का?

वीस पानं काढायला पोरं कुरकुरत का होईना तयार झालीत. तिथे ही एकच आयत घालायची, नीट उलगडून. तू शाळेत जन्मभर कर्ता-कर्म शिकवलंस, तर मला ते वाक्य मराठीत करून दे. 'माझं' नको, 'केस' नको, आणि पेटलं पाहिजे डोकंच. पंधरा तारखेला मजकूर प्रेसमध्ये जातो.

तुझा,
रशीद