गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, गच्चीवर बाग वाढतेय हे मस्तच आहे, ओला कचरा तिथेच जिरतो, खालच्या घरात उन्हाचा ताप कमी होतो, मधमाश्या पण यायला लागल्यात. पण वजनाचं जरा बघा प्लीज. ओली माती एका घनमीटरला दीड टनाच्या पुढे जाते, म्हणून मोठे ड्रम स्लॅबच्या मध्यभागी नकोत, बीम किंवा कॉलमच्या वर ठेवा आणि मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट मिसळा म्हणजे भार बराच कमी होतो. नवीन वाफा करायचा असेल तर आधी इंजिनिअरला दाखवूनच, यात अॅडजस्टमेंट नाही. कुंड्या विटांवर ठेवा, खाली पाणी मुरलं की वॉटरप्रूफिंगची वाट लागते आणि भांडणं होतात ती वेगळीच. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासा, डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि हो, टोमॅटो-मिरचीला निदान सहा तास ऊन लागतं, सावलीच्या कोपऱ्यात पालेभाजीच लावा, उगाच जागेवरून वाद नकोत. पाइपाच्या जाळीत अडकलेली पानं ज्याची त्याने काढायची.