खोल पाणी म्हणजे गादी नव्हे

रविवारच्या पुरवणीतला उंचावरून पाण्यात उड्या मारणाऱ्यांवरचा लेख वाचला, भारी होता, पण 'पाणी खोल असलं की माणूस वाचतो' हे काही पटलं नाही. लाझो शालरने २०१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या माज्जात ५८.८ मीटरवरून उडी मारली, पाण्यात शिरताना वेग ताशी १२० किमीच्या वर, पाय खाली ठेवून सरळ पडला तरी खुब्याला मार बसलाच. जागतिक स्पर्धेतसुद्धा पुरुषांना २७ मीटरच उंची असते, तिथंही पायांवरच पाण्यात शिरतात आणि खाली पाणबुडे आधीच तयार थांबलेले असतात. आमच्या विहिरीत चार-पाच मीटरवरून सूर चुकला की पोट लालभडक व्हायचं, दिवसभर चुरचुरायचं! लेखात वेगाबद्दल दोन ओळी तरी हव्या होत्या.

— एक वाचक, सांगली