रविवारी गावात चला की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लाँग वीकेंड आला की आमच्या कॉलनीतल्या निम्म्या गाड्या पहाटेच गोव्याच्या नाहीतर मालवणच्या रस्त्याला लागतात, आणि जे इथंच राहतात त्यांना सोमवारी ऑफिसात विचारलं जातं, "काय ओ, कुठं गेला नाहीसा?" जशी काय घरात अडचणच होती. आम्ही आता बरेच रविवार मुद्दाम कोल्हापुरातच काढतो आणि मनापासून सांगते, घाटात गाड्यांच्या रांगेत बसून संध्याकाळी रिसॉर्टवर पोचण्यापेक्षा हे कितीतरी बरं आहे.

उपनगरातल्या आमच्यासारख्यांनी एक ठरवूनच टाकलंय की रविवारी गावात, म्हणजे जुन्या शहरात, जायचं नाही, पर्यटक असतात, पार्किंग मिळत नाही. पण ती गर्दी असते अंबाबाईच्या देवळाभोवती, महाद्वार रोडला, बिंदू चौकात. गाडी घरी ठेवायची, केएमटीच्या सिटी बसनं यायचं आणि चालत पेठांतनं हिंडायचं, मग बघा गाव किती निवांत असतं ते.

आम्ही सकाळी लवकर पंचगंगा घाटावर जातो. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेली ती दगडी देवळं थंडीत सगळी उघडी असतात, पायऱ्यांवर ऊन खात बसायला जागाच जागा, आणि पाठीला डबा बांधलेली बारकी पोरं, त्यांना पाण्यात ढकलणारे त्यांचे काका-मामा, आरडाओरडा, हे बघत तास कसा जातो कळत नाही. (नदीच्या पाण्याची अवस्था कधी कधी बघवत नाही, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) मग मिसळ. कुठली चांगली यावर आमच्या घरातच दोन पार्ट्या आहेत म्हणून नाव लिहीत नाही, पण झणझणीत कट, स्लाईस ब्रेड आणि "अजून जरा कट घाला की" म्हटल्यावर कपाळाला आठी न घालता वाढणारा माणूस, एवढं असलं की झालं.

त्यानंतर टाऊन हॉल. सीपीआर हॉस्पिटलसमोरनं आपण रोज जातो पण आत शेवटचं कधी गेलो होतो ते आठवून बघा, बहुतेकांचं उत्तर शाळेची सहल हेच येईल. 1870 च्या दशकातली ती इमारत, भोवती मोठमोठी झाडं, आणि आत म्युझियममध्ये एक जेमतेम वीतभर उंचीची ब्राँझची मूर्ती आहे, पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. ती सापडली कुठं, तर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, म्हणजे सकाळी आपण जिथं पोरांचं पोहणं बघत बसलो तिथनं हाकेच्या अंतरावर! सातवाहनांच्या काळात रोमशी व्यापार चालायचा तेव्हा इथवर आलेली ती वस्तू. आमच्या आत्ती (सासूबाई) सगळा जन्म शुक्रवार पेठेत काढलेल्या, त्या काचेपुढनं हलायलाच तयार नव्हत्या, "आपल्या घाटाजवळ घावलं हे?" असं परत परत विचारत होत्या, आणि माझी मुलगी त्यांना मोबाईलवर नकाशा काढून ग्रीस कुठाय ते दाखवत होती. दोघींचं असं एकत्र मन रमलेलं मी दुसऱ्या कुठल्या ट्रिपमध्ये बघितलेलं नाही.

आणि दुपारी घरी येऊन आपल्या अंथरुणावर झोपायचं! हे सुख कुठल्याच हॉटेलात मिळत नाही.

संध्याकाळी परत बाहेर. रोमचं कलोझियम बघून आल्यावर शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं आणि 1912 ला पुरं झालेलं खासबाग मैदान, कुठंही बसा, मधला कुस्तीचा हौदा दिसतोच, आणि कुस्ती असेल त्या दिवशी तिथं बसून बघणं हा वेगळाच अनुभव आहे. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट 2024 मध्ये आग लागली तेव्हा अख्खं कोल्हापूर रडलं, तिथं परत नाटक बघायची आम्ही वाट बघतोय. सीझन असला तर शाहू स्टेडियमवर पेठांच्या टीमची फुटबॉल मॅच, मग खाऊगल्लीत भेळ, आणि शेवटी गंगावेशीला दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसासकट हातात दिलेला धारोष्ण दुधाचा ग्लास. बाहेरगावचे पाहुणे याचे व्हिडिओ काढून नेतात आणि आपल्याच पोरांतली कितीतरी अजून तिथं गेलेली नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून तुमच्याकडं एक विनंती आहे. कुस्ती कुणी मारली, मॅच कुणी जिंकली, गाण्याचा कार्यक्रम कसा रंगला हे आम्हाला सोमवारच्या अंकात कळतं, तेव्हा ते होऊन गेलेलं असतं. शनिवारच्या अंकात एका कोपऱ्यात, उद्या गावात काय काय आहे, किती वाजता आहे, तिकीट आहे की फुकट, एवढं एकत्र द्याल का? आणि महापालिकेतलं कुणी हे वाचत असेल तर घाटावर आणि रंकाळ्यावर बायका-म्हाताऱ्यांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि जरा जास्त बाकडी. आत्तींना दोन तास बाहेर ठेवायचं तर आधी या दोन गोष्टींचाच विचार करावा लागतो.

आपली,
एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर