तपकिरी पाण्याचा ग्लास

पुणे,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल लक्ष्मी रस्त्यावर विसर्जनाची मिरवणूक पाहिली. रोषणाईचे गणपती पाहत अलका टॉकीजच्या चौकात थांबल्यामुळे घरी यायला पहाटेचे साडेचार वाजले. आज खरे तर झोप काढायची होती. परंतु आमच्या आरओ यंत्रातून आठ दिवस पाणी गळत होते आणि दुरुस्तीसाठी कंपनीने आजचीच, सकाळी नऊ ते अकराची वेळ दिली होती. डोळा लागला तर बेल ऐकू येणार नाही, या धास्तीने मी खुर्चीतच बसून राहिले. सव्वाअकराला मोबाइलवर संदेश आला, की ग्राहक घरी नसल्यामुळे भेट रद्द करण्यात आली आहे. दाराशी कोणीही आले नव्हते. मदत क्रमांकावर अर्धा तास गाणे ऐकल्यानंतर मी पुन्हा तक्रार नोंदवली आणि पावणेदोनला एक तरुण आला. रस्ते बंद असल्यामुळे त्यालाही सकाळपासून पायपीट झाली होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते, म्हणून मी उशिराबद्दल काही बोलले नाही. काम झाल्यावरच द्यायचा ओटीपी त्याने दारातच मागितला आणि मी झोपेच्या गुंगीत तो सांगून टाकला. म्हणजे कंपनीच्या लेखी दुरुस्ती तिथेच पूर्ण झाली.

त्यानंतर जे घडले त्यासाठी हे पत्र लिहीत आहे. त्याने गळती पाहिलीच नाही. एका ग्लासात नळाचे आणि दुसऱ्यात यंत्राचे पाणी घेऊन त्याने दोन्हींत सळयांचे एक उपकरण बुडवले व वीज सुरू केली. मिनिटभरात नळाचे पाणी तपकिरी झाले आणि वर गढूळ फेस जमला. "ताई, हे पाणी पोटात जातंय. मेम्ब्रेन आणि सगळे फिल्टर आजच बदला, ६,८०० होतील," असे तो म्हणाला आणि माझा हात पैसे भरण्यासाठी मोबाइलकडे गेलासुद्धा.

आई, गेल्या वर्षी बाबा वाचनालयात गेले असताना तुला अशाच एका ग्लासावरून नवे यंत्र घ्यायला लावले, तेव्हा मी फोनवर तुझ्यावर किती चिडले होते! तो ग्लास समोर असताना काय वाटते, ते मला आज समजले. माझे चुकले, मला क्षमा कर.

मला सावरले ते बाबांनी शिकवलेल्या विद्युत अपघटनाने. ती घाण पाण्यातली नसते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे उपकरणातली लोखंडी सळई झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे ते स्वच्छ दिसते. मी यंत्राच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून त्याला पुन्हा वीज लावायला सांगितले, तर तेही तसेच तपकिरी झाले. त्याच्याच मीटरवर आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरला ६८ मिलिग्रॅम होता. भारतीय मानकानुसार ५०० पर्यंतचे पाणी पिण्यास योग्य धरतात. मीटर जंतू दाखवत नाही हे खरे, पण खडकवासल्याच्या एवढ्या कमी क्षारांच्या पाण्यासाठी क्षार गाळणाऱ्या मेम्ब्रेनचा हट्ट कशाला? शेवटी त्याने यंत्र उघडले, तेव्हा नळीचा कनेक्टर तडकलेला निघाला. तो ६० रुपयांना बदलून मिळाला.

आई, तुझे यंत्र मात्र काढू नकोस. मिरजेच्या आपल्या बोअरचे पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, तेव्हा तिथे ते उपयोगाचेच आहे. फक्त कोणी ग्लास आणि सळया काढल्या, तर बाबा घरी येईपर्यंत त्याला थांबव, आणि काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नकोस. दसऱ्याला येताना मी एक टीडीएस मीटर आणते. बोअरचे आणि नळाचे, दोन्ही पाणी आपण तिघे मिळून मोजू.

तुमची,
सुजाता